आरोग्य केंद्राच्या गोदामातला पारा: गळकं बीपी मशीन, फुटके थर्मामीटर, जुन्या ट्यूब. साफ कसं करायचं आणि द्यायचं कुणाला?

रुग्णकल्याण_वणी

नमस्कार मंडळी. वणी भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या वतीने विचारतो आहे.

केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रं मिळून गोदामात पाऱ्याची ९ बीपी मशीन, ६० च्या आसपास काचेचे थर्मामीटर (काही फुटके, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले) आणि दोन खोके भरून जळालेल्या ट्यूब-सीएफएल आहेत. शेजारच्या हायस्कूलकडे प्रयोगशाळेतली पाऱ्याची अर्धा किलोची काचेची बाटली आहे, तीही आमच्याकडे जमा करू का, असं शाळा विचारते आहे.

एका बीपी मशीनमधून पारा गळून शहाबादी फरशीवर आला आहे. खोली कुलूप लावून बंद केली आहे. वर टिनाचा पत्रा, खिडकी एकच.

विचारायचं असं:
१) सांडलेला पारा कसा उचलायचा? इथे मिळणाऱ्या वस्तूंत होईल का?
२) निर्लेखनाच्या (नोंदवहीतून वस्तू कमी करण्याच्या) यादीत हे सगळं "भंगार" म्हणून धरलं आहे. तसं लिलावात देता येतं का? एक झारेकरी (सोनाराकडची राख-केर धुऊन सोनं काढणारा) पारा रोखीने घ्यायला तयार आहे.
३) पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराबद्दल वाचलं. त्याचा गावपातळीवर काही उपयोग आहे का, की ते फक्त दिल्ली-जिनिव्हाचं प्रकरण?
४) त्या खोलीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची तपासणी कोणती करावी?

जैवकचरा_तंत्रज्ञ

खोली बंद केलीत ते चांगलं झालं, पण बंद खोलीत वाफ साचत राहते. आधी आकडे बघा, म्हणजे घाई कुठे करायची आणि कुठे नाही ते कळेल. २० अंशांना बंद हवेत पाऱ्याची वाफ जास्तीत जास्त १३ मिलिग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत चढू शकते. ४० अंशांना हाच आकडा ६० च्या वर जातो, म्हणजे जवळपास पाचपट. जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकाळच्या श्वासासाठीची मर्यादा १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे ०.००१ मिलिग्रॅम. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी हे काम करायचं नाही ते एवढ्यासाठी. पहाटे, उन्हं यायच्या आधी करा. आदल्या संध्याकाळी बाहेरची खिडकी उघडी टाका आणि आतल्या बाजूचं दार बंद ठेवून खालच्या फटीत ओलं फडकं लावा, म्हणजे वाफ ओपीडीकडे जाणार नाही. कूलर आणि पंखा पूर्ण बंद. कूलरची हवा बारीक थेंब आणि वाफ साऱ्या इमारतीत पसरवते.

एका बीपी मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम पारा असतो, थर्मामीटरमध्ये साधारण १ ग्रॅम. त्यामुळे थर्मामीटर फुटण्याचे नियम इथे पुरत नाहीत. दोनच माणसं आत जावीत. गरोदर बाई किंवा लहान मूल त्या इमारतीच्या त्या भागात नको. अंगठी, साखळी, घड्याळ काढून ठेवा. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं.

सामान: नायट्राइलचे हातमोजे दोन-दोन जोड, चष्मा, सुई काढलेली १० मिलिची सिरिंज, जुन्या एक्स-रे फिल्मचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, टॉर्च, रुंद चिकटपट्टी, घट्ट झाकणाची रुंद तोंडाची प्लॅस्टिक बरणी, झिपच्या जाड पिशव्या, गंधकाची पूड. मास्कबद्दल गैरसमज फार आहे. कापडी किंवा सर्जिकल मास्क तर सोडाच, एन-९५ सुद्धा पाऱ्याची वाफ अडवत नाही, कारण तो मास्क कणांसाठी असतो. वाफेसाठी पाऱ्याचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या सुरक्षा विभागांकडे असा मास्क किंवा तो पुरवणाऱ्याचा पत्ता मिळू शकतो, विचारून बघा. तो मिळाला नाही तर काम दहा-दहा मिनिटांच्या पाळीने करा आणि मधे बाहेर मोकळ्या हवेत या.

उचलताना बाहेरच्या कडेकडून मध्याकडे या. एका एक्स-रे तुकड्याने थेंब दुसऱ्यावर ढकलत मोठे गोळे करा आणि सिरिंजने ओढून बरणीत सोडा. बरणीत आधी दोन बोटं पाणी घालून ठेवा, पारा खाली बसतो आणि वरचं पाणी वाफ रोखतं. मग खोली अंधारी करून टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. उभ्या प्रकाशात न दिसणारे बारीक मणी तिरक्या प्रकाशात चमकतात. ते चिकटपट्टीने उचला.

शहाबादी फरशीचं खरं दुखणं म्हणजे दरजा. पारा सिमेंटच्या दरजेत, पायऱ्यांच्या फटीत, भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बसतो आणि पुढची कित्येक वर्षं उन्हाळ्यात वाफ सोडत राहतो. पारा गेलेल्या दरजेतलं सिमेंट स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढा, तो चुरा पारा-कचरा म्हणूनच पिशवीत भरा, खाली गंधक भरून २४ तास ठेवा, काढा आणि मगच नवं सिमेंट भरा. उपकेंद्रात मातीची किंवा शेणाने सारवलेली जमीन असेल तर डाग दिसतो तिथून हातभर लांबपर्यंत वरची ३-४ सेंटीमीटर माती काढून घ्या. सतरंजी, चटई, कापूस यांच्यात शिरलेला पारा निघत नाही. वस्तू आतल्या बाजूला घडी करून पिशवीत.

गंधकाबद्दल एक सूचना. आपल्याकडे संत्रा बागायतदारांकडे गंधक सहज मिळतं, पण ते बहुतेक पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं असतं, त्यात इतर द्रव्यंही असतात. भुकटी गंधक घ्या, धुरळणीचं किंवा औषधी दुकानातलं. आणि गंधकाकडून जादूची अपेक्षा ठेवू नका. साध्या तापमानाला त्याचा पाऱ्याशी संयोग हळू होतो, वाफ लगेच थांबत नाही. मोठा पारा उचलून झाल्यावर उरलेल्या अदृश्य भागासाठी ते आहे. पिवळी पूड करडी-काळपट झाली तर तिथे पारा उरला आहे असं समजा.

झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको. ओल्या फडक्याने पुसून बादली मोरीत ओतणं हे सर्वांत वाईट, कारण पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड आहे, तो मोरीच्या वाकलेल्या पाइपात तळाला बसून राहतो. ब्लीचिंग पावडर किंवा फिनाईल टाकू नका. पारा लागलेले कपडे धुऊन वापरायचे नाहीत. काम झाल्यावर खिडकी निदान २४ तास उघडी.

उरलेल्या आठ मशीनमधला पारा काढून बरणीत भरायचा मोह टाळा. मशीन सरळ ठेवा, हवा सोडा, पेटी पाऱ्याच्या टाकीच्या बाजूला तिरकी करा, नळीतला सगळा पारा टाकीत उतरला की टाकीची कळ बंद करा आणि झाकण लावून प्रत्येकाला वेगळी जाड पिशवी. कफ आणि रबरी नळीतही पारा गेलेला असू शकतो, तो भाग मशीनपासून वेगळा करू नका.

आता सर्वांत मोठी चूक, जी बऱ्याच ठिकाणी दिसते: फुटका थर्मामीटर "काच आहे" म्हणून निळ्या पिशवीत, किंवा पारा लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. पिवळी पिशवी भट्टीत जळते, निळीतली काच ऑटोक्लेव्हमध्ये तापते. दोन्हीकडे पारा थेट हवेत जातो आणि तिथल्या कामगाराच्या छातीत. पारा कोणत्याच रंगाच्या पिशवीत जात नाही. त्याचा डबा वेगळा.

औषधभांडार

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. मी फक्त कागदाच्या बाजूचं लिहितो, कारण बहुतेक केंद्रांत पारा अडतो तो इथेच.

लिलावात देता येत नाही. पारा आणि पारायुक्त उपकरणं ही घातक कचऱ्यात मोडतात आणि त्यांना २०१६ चे घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम लागतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियमसुद्धा पारा त्याच नियमांकडे ढकलतात. रुग्णालयांतल्या पारा-कचऱ्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेगळी मार्गदर्शक सूचनाही आहे, ती मागवून फाइलीला लावा.

निर्लेखनाचा प्रस्ताव परत घ्या आणि दोन याद्या करा. पहिलीत पलंग, कपाटं, स्टॅबिलायझर वगैरे खरं भंगार. दुसरीत पारा. दुसऱ्या यादीच्या शेऱ्यात स्पष्ट लिहा: "घातक कचरा, लिलावास अपात्र, अधिकृत प्रक्रियाकेंद्राकडे सुपूर्द करावयाचा." प्रत्येक वस्तूपुढे जडसंग्रह नोंदवहीतला क्रमांक, स्थिती (अखंड, गळकी, फुटकी) आणि वजन. वजन मशीनसकट लिहा, पाऱ्याचं अंदाजी वेगळं लिहा. तुमच्या यादीचा हिशेब असा बसतो: ९ मशीनचे साधारण ८०० ग्रॅम, थर्मामीटरचे ६० ग्रॅम, शाळेची बाटली ५०० ग्रॅम. म्हणजे सव्वा किलोच्या वर. एवढ्यासाठी बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राहून गाडी वणीला येणार नाही, आणि आली तरी खर्च परवडणार नाही. म्हणून प्रस्ताव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ द्या आणि त्यात मागणी करा की जिल्ह्यातल्या सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचा, ग्रामीण रुग्णालयांचा साठा एका ठिकाणी जमा व्हावा आणि करार एकच व्हावा.

गाडीची तीन कागदपत्रं तपासून घ्या: नमुना ८ चं लेबल डब्यावर, नमुना ९ चं आपत्कालीन कार्ड चालकाकडे, नमुना १० चं मॅनिफेस्ट (माल कुणी कुणाला दिला त्याचा वाहतूक-कागद). मॅनिफेस्टच्या प्रती सात असतात, त्यांतली माल पोहोचल्याची सही असलेली प्रत तुमच्याकडे परत आली पाहिजे. ती आल्याशिवाय नोंदवहीतून वस्तू कमी करू नका. साठवणुकीची मुदत ९० दिवसांची आहे, वाढ हवी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करावा लागतो. दैनंदिन नोंद नमुना ३ मध्ये, वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये, ३० जूनपर्यंत.

विदर्भासाठी घातक कचऱ्याचं सामायिक प्रक्रियाकेंद्र बुटीबोरीला आहे. तिथे द्यायच्या आधी दोन गोष्टी लेखी विचारा: शुद्ध द्रव पारा स्वीकारता का, आणि स्वीकारला तर पुढे काय करता? द्रव पारा तसाच जमिनीत पुरता येत नाही. एक तर तो अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायला जातो, नाही तर गंधकाशी बांधून घन सल्फाइड करून पुरतात. उत्तरात यापैकी काहीच नसेल तर माल हलवू नका.

ट्यूब आणि सीएफएलची वाट वेगळी. त्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतात (१ एप्रिल २०२३ पासून लागू), म्हणजे नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रियाकाराकडे. तोवर मूळ खोक्यात उभ्या ठेवा, जागा वाचवायला फोडू नका. एका नळीत फार तर काही मिलिग्रॅम पारा असतो, पण दोन खोके एका खोलीत फुटले तर तेवढंही पुरे होतं.

शाळेची बाटली घ्या, पण पोचपावतीसह. आणि काचेच्या बाटलीतून हलवू नका. अर्धा किलो पारा जेमतेम ३७ मिलि भरतो, सगळं वजन तळावर येतं आणि धक्क्याने तळ सुटतो. बाटली तशीच जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, भोवती वाळू, डब्याला झाकण, खाली कड असलेला ट्रे.

रुग्णकल्याण_वणी

फार नेमकं लिहिलंत, दोघांचेही आभार. दोन याद्यांचं उद्याच करतो. तोवर साठा नेमका कुठे ठेवावा? दुसरं, काही थर्मामीटरमधला द्रव चंदेरी आहे, पण पाकिटावर "पारामुक्त" छापलं आहे. ते कोणत्या यादीत?

जैवकचरा_तंत्रज्ञ

जागा: उत्तरेची, सावलीची, ओपीडी, स्वयंपाक आणि लसींच्या शीतसाखळीपासून लांबची. कुलूप हवं, बाहेर फलक हवा, जमीन सलग हवी, दरजांची नको. डबे ट्रेमध्ये, जमिनीलगत. फळीवर उंच ठेवले तर पडून फुटतात.

चंदेरी पण पारामुक्त म्हणजे बहुधा गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचं मिश्रण. अखंड असेल तर पाकिटावर विश्वास ठेवा. फुटलेला असेल तर फरक दिसतो: पारा काचेवरून गोल मणी होऊन पळतो, हे मिश्रण काचेला चिकटून आरशासारखा थर सोडतं. लाल-निळा द्रव म्हणजे अल्कोहोल. शंका असेल तर पाऱ्याच्या यादीत टाका, नुकसान काही नाही.

करार_अभ्यासक

तिसऱ्या प्रश्नावर. करार दिल्ली-जिनिव्हाचा आहे हे खरं, पण तुमच्या गोदामातली नऊ मशीन अडगळीत गेली ती त्याच वाऱ्याने.

मिनामाता हे जपानमधलं किनाऱ्यावरचं शहर. तिथल्या चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात मिथिल पारा (पाऱ्याचं शरीरात साठत जाणारं सेंद्रिय रूप) असलेलं सांडपाणी खाडीत सोडलं, तो माशांत आणि माशांतून माणसांत गेला. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची, म्हणजे नोंद झाल्यावरही सांडपाणी बारा वर्षं वाहत राहिलं. त्या शहराचं नाव दिलेला करार ऑक्टोबर २०१३ मध्ये कुमामोतो इथे स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने ३० सप्टेंबर २०१४ ला सही केली, १८ जून २०१८ ला अनुसमर्थन दिलं.

एकट्या देशाने हा प्रश्न सुटत नाही याचं कारण पाऱ्याच्या स्वभावात आहे. मूलद्रव्य रूपातली वाफ हवेत सहा महिने ते वर्षभर फिरते. चंद्रपूरच्या कोळशातून निघालेला पारा कुठल्या समुद्रावर उतरेल आणि दुसऱ्या खंडातल्या सोन्याच्या खाणीतला आपल्या तलावावर केव्हा उतरेल, याला सीमा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या मूल्यमापनानुसार २०१५ या वर्षात माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यात लहान प्रमाणावरचं सोनं काढणं ३८ टक्क्यांच्या आसपास आणि कोळसा जाळणं २१ टक्क्यांच्या आसपास.

कलम ४ आणि परिशिष्ट 'अ' मध्ये उत्पादनांची यादी आहे: पाऱ्याचे थर्मामीटर, रक्तदाबमापक, ठरावीक बॅटऱ्या, दिवे, सौंदर्यप्रसाधनं, कीटकनाशकं. यांचं उत्पादन, आयात आणि निर्यात २०२० नंतर बंद. देशांना नोंदणी करून पाच वर्षांची सूट घेता येत होती, भारताने काही उत्पादनांसाठी ती घेतली. नीट बघा: बंदी बनवण्यावर आणि व्यापारावर आहे, हातात असलेलं मशीन वापरण्यावर नाही. त्यामुळे नवीन येणं थांबतं आणि जुनं गोदामात साचतं. साचलेल्याची जबाबदारी कलम ११ मध्ये आहे, पारा-कचरा मानवाला आणि पर्यावरणाला धोका होणार नाही अशा रीतीने हाताळणं. आरोग्याचं कलम १६. पुढच्या बैठकांत यादी वाढत गेली. २०२२ च्या बैठकीत बहुतेक घरगुती सीएफएलसाठी २०२५ ठरलं, २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत नळीच्या दिव्यांसाठी २०२७.

पैसा कलम १३ मधून येतो, जागतिक पर्यावरण सुविधा या निधीतून. तो ग्रामपंचायतीकडे थेट येत नाही. पण तुमच्या विषयाला अगदी लागू असा एक प्रकल्प आहे. मे २०२४ मध्ये अल्बानिया, बुर्किना फासो, भारत, माँटेनेग्रो आणि युगांडा या पाच देशांनी आरोग्यसेवेतली पाऱ्याची मोजमाप उपकरणं काढून टाकण्याचा १३.४ कोटी डॉलरचा कार्यक्रम सुरू केला. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम त्याचं नेतृत्व करतो, जागतिक आरोग्य संघटना अंमलबजावणी करते. अशा कार्यक्रमात उपकरणं मोजली जातात ती कागदावरून. ज्या केंद्राने "भंगार" लिहिलं त्याचा पारा मोजणीत येतच नाही. औषधभांडार यांनी सांगितलेली दुसरी यादी म्हणूनच महत्त्वाची. ती जिल्ह्यावरून राज्याच्या आरोग्य सेवा संचालनालयाकडे जाऊ द्या आणि विषयात मिनामाता करार, कलम ११ आणि १६ असा उल्लेख करा.

पांढरकवडा_शेती

भाऊ, त्या झारेकऱ्याले पारा नोका देऊ. तो कशाले मागते ते आधी पाहा. सोनाराच्या दुकानातली राख, केर धुऊन त्यात पारा घोटते. सोन्याचे कण पाऱ्यात धरल्या जातात. मंग तो गोळा कापडातून पिळून भट्टीवर तापवते. पारा उडून जाते, सोनं मागं रायते. हे सारं घराच्या आंगणात, लेकरं आजूबाजूले. खाणीतल्या सोन्यासाठी जगात जे चाललं हाये तेच हे, लहान मापावर. तुमचा सव्वा किलो पारा एखाद्या घराच्या हवेत जाईन.

आणखी दोन ठिकाणचा पारा कोणाच्या यादीत येत नाही, तो सांगतो.

एक म्हणजे धान्यातल्या पारद टिकड्या. गव्हाच्या, तुरीच्या कोठीत कीड लागू नये म्हणून टाकतात. धान्यात पारा ठेवायचं काही काम नाही. गहू दाताखाली कटकन फुटेल एवढा वाळवा, ओलावा १२ टक्क्यांच्या खाली. डाळीचं धान्य ९-१० टक्क्यांवर आणा आणि किलोले ५ मिलि खायचं तेल हातानं चोळून ठेवा, भुंगेऱ्याची अंडी टिकत नाहीत. हवाबंद पिशवी असली तर टिकडी कशालेच नाही लागत. निघालेल्या टिकड्या उकिरड्यावर टाकू नका, शेणखतातून वावरात जातात. त्या आरोग्य केंद्राच्या त्याच डब्यात द्या.

दुसरं, कोठ्यातले जुने बीजप्रक्रियेचे डबे. मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड हे बेण्याचं औषध ऑगस्ट २०१८ पासून देशात बंद हाये. डबा सापडला तर उघडू नका, धुऊन पाण्याले वापरायचा तर विचारही नोका करू. अन् रंग लावलेलं बियाणं कधीच धुऊन खायचं नाही. इराकमध्ये १९७१-७२ च्या हंगामात मिथिल पारा लावलेलं गव्हाचं बियाणं लोकांनी दळून खाल्लं. साडेसहा हजार माणसं दवाखान्यात, त्यातली ४५९ गेली. रंग धुतल्यानं निघून गेला, पारा आतच रायला.

विषशास्त्र_नागपूर

चौथा प्रश्न राहिला आहे आणि त्यात गफलत फार होते, म्हणून सविस्तर.

पारा एक, रूपं तीन, तपासण्या वेगळ्या. तुमच्या खोलीत वाफ आहे. श्वासातून गेलेली जवळपास ८० टक्के वाफ शरीरात राहते. उलट तोंडातून गिळलेला द्रव पारा जवळजवळ शोषलाच जात नाही, ०.०१ टक्क्याहून कमी. म्हणून मुलाने थर्मामीटर चावला तर पोटातल्या पाऱ्यापेक्षा तोंडातली काच आणि खोलीत उरलेले थेंब जास्त बघायचे. उलटी करवू नका.

वाफेच्या दीर्घ संपर्कासाठी लघवीची तपासणी. एकवेळचा नमुना असेल तर क्रिएटिनिनही (लघवी किती दाट आहे ते सांगणारं द्रव्य) मोजायला सांगा, नाहीतर कमी पाणी प्यायलेल्या माणसाचा आकडा उगीच जास्त येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं. कामगारांसाठी वापरला जाणारा निर्देशक २० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन आहे. नमुना सकाळी, घरून, स्वच्छ कपड्यांत घ्या. गोदामातून आलेल्या हाताने घेतला तर तपासणी हाताची होते. रक्ताची तपासणी ताज्या संपर्कासाठी किंवा माशांतल्या मिथिल पाऱ्यासाठी, गोदामाच्या प्रश्नाला तिचा उपयोग कमी. केसांची तपासणी फक्त मिथिल पाऱ्यासाठी.

लक्षणं: हाताला बारीक थरथर (अक्षर बदलतं, सही जमत नाही), झोप उडणं, चिडचिड, हिरड्या सुजणं, तोंडात धातूची चव. लहान मुलांत तळहात-तळपाय लाल आणि सोलणारे. पारा तापवला गेला आणि काही तासांत खोकला, धाप, ताप आला तर ते तातडीचं, थेट मोठ्या रुग्णालयात. शरीरातून पारा काढणारी औषधं आकडा आणि लक्षणं दोन्ही बघून डॉक्टरांनीच द्यायची. "डिटॉक्स" म्हणून मिळणारं काहीही घेऊ नये. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र डॉक्टरांना चोवीस तास सल्ला देतं.

लघवीत पारा सापडला आणि गोदामाशी संबंध नसेल तर गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल विचारा. अकोल्यात एकाच घरातल्या बायकांना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयात निदान झालं होतं, केरळातून तर अशा रुग्णांची मालिकाच नोंदली गेली. कायद्याने अशा प्रसाधनांत पारा १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही. वेष्टनावर निर्मात्याचा पत्ता नाही, "मर्क्युरस क्लोराइड", "कॅलोमेल" किंवा "अमोनिएटेड मर्क्युरी" लिहिलं आहे, किंवा सोनं-चांदी-ॲल्युमिनियमपासून दूर ठेवा अशी सूचना आहे, तर ते वापरू नये. पायाला सूज आणि लघवीला फेस असेल तर लघवीतली प्रथिनंही त्याच दिवशी बघा.

झाडीपट्टी_मत्स्य

विषशास्त्र सरांनी केसांची तपासणी म्हटली म्हणून विचारतो. औष्णिक केंद्राच्या राखतळ्याजवळच्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या माशांचं काय? धीवर सोसायट्यांकडे लोक विचारतात.

विषशास्त्र_नागपूर

कोळशातला पारा बराचसा वायुरूपात चिमणीतून जातो, राखेत त्याचा काही भाग उतरतो. धूळ पकडणारी यंत्रणा कणांना चिकटलेला पारा धरते, गंधक काढणारी यंत्रणा ऑक्सिडीकृत पारा धरते. मूलद्रव्य रूपातला दोघींतूनही निसटतो. आपल्या कोळशात क्लोरीन कमी असल्याने ऑक्सिडीकरण कमी होतं आणि निसटणारा वाटा मोठा राहतो. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर आहे. मोजणीचे अहवाल ग्रामसभेच्या ठरावाने मागता येतात.

माशात पोहोचणारा पारा वेगळा. तळाच्या बिनप्राणवायूच्या गाळात जीवाणू त्याचा मिथिल पारा करतात आणि तो साखळीत वर वर साठत जातो. म्हणून दुसरे मासे खाणारी मोठी, जुनी मरळ आणि वाम आधी तपासा. रोहू, कटला, मृगळ यांच्यात तो सहसा कमी असतो. हिशेब असा: मिथिल पाऱ्याची सुरक्षित साप्ताहिक मात्रा दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम. ५० किलोच्या बाईला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. माशात किलोला ०.२ मिलिग्रॅम निघाला तर तिने आठवड्याला ४०० ग्रॅमपर्यंत खावा. गरोदर बाईने मासे सोडू नयेत, फक्त मोठी मरळ टाळून लहान मासे घ्यावेत.

पाणी तपासायला देताना साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत देऊ नका, पारा भिंतीला चिकटतो आणि उडूनही जातो, अहवाल खोटाच चांगला येतो. प्रयोगशाळेकडूनच काचेची किंवा टेफ्लॉनची, नायट्रिक आम्ल घातलेली बाटली मागा, तोंडापर्यंत भरा. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम प्रति लिटर. देण्याआधी विचारा की तुमची पद्धत याच्या खाली मोजू शकते का. थंड वाफेची पद्धत असेल तर मोजते.

औषधभांडार

एक राहिलं, नवीन बीपी मशीन. पाऱ्याचं गेलं आणि बदली आलं नाही तर नर्सताई जुनंच पुन्हा काढतात. मागणीपत्रात "दंडावर लावायचं, प्रमाणित केलेलं डिजिटल" असं लिहा, मनगटावरचं नको. प्रत्येक मशीनसोबत दोन कफ मागा: २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी आणि ३२ ते ४२ साठी. जाड दंडाला लहान कफ लावला तर रक्तदाब खोटा जास्त येतो आणि मग दोष मशीनला जातो. काट्याचं घेणार असाल तर दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावं लागतं, फिरत्या उपकेंद्रात त्याला धक्के बसतात, म्हणून तिथे डिजिटलच. जुनी मशीन हलवण्याआधी एक मशीन, पारा ० वर नीट उभा असलेलं, आठवडाभर शेजारी ठेवून नव्या मशीनशी पडताळा: त्याच माणसाचं, त्याच दंडावर, दोन मिनिटांच्या अंतराने. फरक सतत ५ च्या वर आला तर नवं मशीन पुरवठादाराकडे परत. पडताळणी झाली की टाकीची कळ बंद करून तेही दुसऱ्या यादीत.